प्रतिसाद: स्थितीत की स्थितीबद्दल?
नोकरी गेली, त्याबद्दलही देवाचे आभार मानायचे का, हा तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. बायबलमधल्या पौलाच्या पत्रात, १ थेस्सलनीकाकरांस ५:१८ मध्ये, ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’ (म्हणजे देवाचे आभार माना) असं आहे. स्थितीत; स्थितीबद्दल नाही. फिलिप्पै शहरातल्या तुरुंगात पौल आणि त्याचा सोबती सीला मध्यरात्री स्तुती गात होते, अंगावर छड्यांचे वळ, पाय खोड्यात. पण छड्यांबद्दल आभार मानल्याचं ही घटना सांगणाऱ्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या बायबलमधल्या पुस्तकात कुठेच नाही.

आईचं डायलिसिस चालू होतं तेव्हा तिला दिवसभरात मोजकंच पाणी चालायचं. स्टीलच्या छोट्या वाटीतून घोट घेण्याआधी ती डोळे मिटून ‘प्रभू, तुझे उपकार’ म्हणायची. आजारपणाबद्दल मात्र रडायची, देवाला जाबही विचारायची. बायबलमधलं स्तोत्र १३ सुद्धा ‘कोठवर?’ असंच विचारत सुरू होतं. तुम्हीही आज आधी रडून घ्या, खुशाल.