ग्रामसभेला पोरं यायलाच हवीत

बरेच जण म्हणतात की पोरांना ग्रामसभेसारख्या गावच्या मिटिंगा बोअर होतात, पण मला वाटतं खरं कारण वेगळंय, त्यांना आपण तिथं सदस्य आहोत हेच माहीत नसतं. १८ पूर्ण झाले, मतदार यादीत नाव आलं की तुम्ही ग्रामसभेचे सदस्य, निवडून यायची गरज नाही (ग्रामपंचायतीची निवडणूक लढवायची असेल तर २१ पूर्ण लागतात). १०० किंवा १५ टक्के मतदार, जे कमी असेल ते, जमले की कोरम (सभा भरायला लागणारी किमान हजेरी) होतो, म्हणजे वीस-पंचवीस पोरं एकत्र गेली तर केवढा फरक पडेल! आणि नुसतं बसू नका, ग्राउंडचा, अभ्यासिकेचा विषय आधीच ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी द्या, नंतर ठरावाची कॉपी मागा. पहिल्यांदा बोलताना आवाज कापतो, कापू द्या, पण बोला रे.