शब्दचर्चा : मतविभागणी, तटस्थ, प्रतोद, तारांकित

टाचणवही

पुणे, बारामती, शिरूर आणि मावळ या चार मतदारसंघांच्या खासदारांचं संसदेतलं काम सांगणारी छोटी पुस्तिका मराठीत करायचं चाललंय. कच्चा मजकूर इंग्रजीत आहे. अडलेले शब्द : व्होटिंग रेकॉर्ड, डिव्हिजन, अ‍ॅबस्टेन, व्हिप, स्टार्ड क्वेश्चन, अ‍ॅश्युरन्स. शब्दकोशातले प्रतिशब्द माहीत आहेत. पण 'मतदानाची नोंद' म्हटलं की वाचकाला मतदारयादी आठवते आणि 'मतविभाजन' म्हटलं की तिसऱ्या उमेदवारानं मतं खाल्ली असं वाटतं. वापरात नेमकं काय चालतं?

मसुदा

आधी 'डिव्हिजन', म्हणजे सभागृहात नावानिशी नोंदवून मोजलेलं मतदान, कारण बाकीचं त्यावर उभं आहे. सभागृहापुरता 'मतविभागणी' हा शब्द ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे 'सभागृहातील मतविभागणी' असं पूर्ण लिहा. 'मतविभाजन' निवडणुकीच्या बातम्यांना देऊन टाका. दोन्हींचा उगम एकच, पण वापराने वाटा वेगळ्या झाल्यात.

आता ही होते कधी? लोकसभेत अध्यक्ष प्रस्ताव मताला टाकतात, सदस्य 'होय' किंवा 'नाही' ओरडतात आणि अध्यक्ष कौल सांगतात. हे आवाजी मतदान. कुणी कौलाला आव्हान दिलं तर लॉबी मोकळ्या करायला सांगतात, साडेतीन मिनिटं घंटा वाजते, दारं बंद होतात आणि प्रस्ताव दुसऱ्यांदा मताला टाकला जातो. पुन्हा आव्हान आलं तरच मतविभागणी. त्यातही मागणी विनाकारण आहे असं अध्यक्षांना वाटलं तर ते सदस्यांना नुसतं उभं राहायला सांगून डोकी मोजू शकतात, आणि तेव्हा नावं नोंदली जात नाहीत.

म्हणजे बहुतेक विधेयकांवर कोणत्या खासदारानं काय मत दिलं याची नोंदच नसते. लपवलेली नाही, नसतेच. आवाजाला नाव नसतं. त्यामुळे 'व्होटिंग रेकॉर्ड' असा रकाना प्रत्येक विधेयकासमोर काढलात तर तो भरायचा कशानं? मी रकान्याचं नाव 'मतविभागणीतील मत' असं देईन आणि ज्या विधेयकांवर मतविभागणी झाली तेवढीच खाली घेईन. आवाजी मतदानाच्या वेळी खासदार सभागृहात बसलेले होते म्हणून 'बाजूने' लिहिणं हा सरळसरळ अंदाज आहे.

शनिवारपेठी

महाराष्ट्राच्या विधानसभेतला 'शिरगणती' हा शब्द विसरू नका. जुलै २०२२ मध्ये अध्यक्षांची निवडणूक १६४ विरुद्ध १०७ अशी झाली, ती सदस्यांना एकेक करून उभं करून मोजून. अगदी मराठी शब्द आहे, ऐकताच कळतो. पण दिल्लीच्या यंत्रावरच्या मतदानाला शिरगणती म्हणू नये. पत्रकार म्हणतात, ते सोडा.

मसुदा

बरोबर. यंत्राचा मुद्दा निघालाच आहे तर आकड्यांबद्दल सावध करतो, कारण पुस्तिका इथेच घसरेल. १७ डिसेंबर २०२४ ला लोकसभेत एकत्रित निवडणुकांचं घटनादुरुस्ती विधेयक मांडण्याच्या परवानगीवर मतविभागणी झाली. नव्या सभागृहात यंत्रावर घेतलेली ती पहिली. फलकावर दिसले २२० विरुद्ध १४९. चिठ्ठ्या धरून आकडा झाला २६९ विरुद्ध १९८. दोन्ही आकडे त्या दिवशीच्या बातम्यांत सापडतात आणि दोन्ही 'खरे' आहेत. फक्त पहिला कच्चा आहे.

असं का होतं? जुन्या सभागृहातल्या यंत्रात एका हातानं मतदान सुरू करणारं बटण आणि दुसऱ्या हातानं होय, नाही किंवा तटस्थ यांपैकी एक, अशी दोन्ही बटणं दुसरी घंटा होईपर्यंत दाबून धरावी लागत. एक हात लवकर सुटला की मत गेलं. नव्या जागेत आसनाचा घोळ होतो. ज्यांचं मत यंत्रानं घेतलं नाही किंवा चुकीचं घेतलं ते चिठ्ठीवर लिहून देतात. म्हणून निकाल सांगताना अध्यक्ष 'दुरुस्तीच्या अधीन राहून' असे शब्द घालतात. वृत्तान्तात, म्हणजे सभागृहाच्या कामकाजाच्या छापील नोंदीत, नावांच्या यादीखाली चिठ्ठीनं दुरुस्त केलेल्यांची वेगळी तळटीप असते. संसदेच्या संकेतस्थळावर त्या तारखेचा वृत्तान्त उघडायचा, मतविभागणी क्रमांक शोधायचा, बाजूची यादी, विरोधाची यादी, तटस्थांची यादी आणि मग तळटीप, या क्रमानं वाचायचं. तळटीप न वाचता नाव 'गैरहजर'मध्ये टाकलं तर तो खासदारावर अन्याय होतो.

टाचणवही

पण घटनादुरुस्तीला दोन-तृतीयांश लागतात ना? २६९ म्हणजे ते पडलं असं म्हणायला हवं का?

मसुदा

नाही. मांडायला साधं बहुमत पुरतं. मंजूर करताना विशेष बहुमत, तेही दुहेरी : एकूण सदस्यसंख्येचं बहुमत आणि 'उपस्थित राहून मतदान करणाऱ्यां'चे दोन-तृतीयांश. त्या दिवशी मतं पडली ४६७. त्याचे दोन-तृतीयांश ३१२. तो आकडा गाठला नाही हे खरं, पण त्या टप्प्यावर तो लागतच नव्हता. 'मांडलं', 'संमत झालं' आणि 'कायदा झाला' ही तीन क्रियापदं पुस्तिकेत काटेकोर ठेवा. 'पारित' हिंदी वळणाचं आहे, 'संमत' बरं.

कोशवेडी

'अ‍ॅबस्टेन'साठी 'तटस्थ'च ठेवा. तट म्हणजे काठ, काठावर उभा तो तटस्थ. म्हणजे नदीपाशी यायला तर हवं! सभागृहात हजर राहून पिवळं बटण दाबणारा तटस्थ. दिल्लीला न गेलेला, लॉबीत चहा पीत बसलेला किंवा घोषणा देत बाहेर पडलेला तटस्थ नव्हे. तो गैरहजर, किंवा त्यानं सभात्याग केला. यादीत तटस्थांची नावं छापली जातात, गैरहजरांची नाही. एकूण सदस्यांतून तिन्ही याद्या वजा करून गैरहजर काढावे लागतात.

सभात्यागानं आकडे किती फसवे होतात ते बघा. ३० नोव्हेंबर २०१९ ला विधानसभेत विश्वासदर्शक ठराव १६९ विरुद्ध शून्य असा संमत झाला, ४ तटस्थ. 'विरोधात शून्य' वाचून वाटेल सगळं सभागृह एकमुखी होतं. प्रत्यक्षात शंभराहून अधिक आमदारांचा विरोधी पक्ष सभात्याग करून बाहेर होता.

शनिवारपेठी

वजाबाकीत पुण्यापुरती एक खास अडचण आहे. पुण्याचे खासदार गिरीश बापट २९ मार्च २०२३ ला गेले आणि पोटनिवडणूक झालीच नाही. जून २०२४ पर्यंत जागा रिकामी. मधल्या काळात २० सप्टेंबर २०२३ ला लोकसभेत महिला आरक्षणाचं विधेयक चिठ्ठ्यांनी मत घेऊन ४५४ विरुद्ध २ असं संमत झालं. त्या यादीत पुणे नाही. वजाबाकी करणारा तिथे 'गैरहजर' लिहून मोकळा होईल. तिथे शब्द पाहिजे 'जागा रिक्त'. सव्वा वर्षाच्या त्या काळात ना पुण्याचं मत, ना पुण्याचा प्रश्न.

कोशवेडी

'व्हिप'चं दुखणं वेगळं. मराठीत एकच 'व्हिप' दोन गोष्टींना लावतात : पक्षाच्या सदस्यांना हजेरी-मतदानाचे आदेश देणारा माणूस आणि त्याचा हुकूम. माणसाला 'प्रतोद' म्हणा, हुकमाला 'पक्षादेश'. प्रतोद म्हणजे संस्कृतात चाबूक किंवा जनावराला टोचायची पराणी, म्हणजे इंग्रजीची नक्कल बरीच चोख आहे. 'प्रतोद काढला' ही बातम्यांतली रचना मात्र विनोदी होते. प्रतोद नेमतात, पक्षादेश बजावतात, आणि आमदार-खासदार तो पाळतात किंवा मोडतात.

मसुदा

भर घालतो. राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीत, म्हणजे पक्षांतरबंदीच्या तरतुदीत, 'व्हिप' हा शब्दच नाही. तिथे पक्षाचा निदेश आहे. त्याविरुद्ध मत देणं किंवा मत न देणं, पूर्वपरवानगी न घेता, आणि पक्षानं ते १५ दिवसांत माफ केलं नाही तर अपात्रता. म्हणजे 'मत न देणं'ही धरलंय. पक्षादेश असताना तटस्थ राहणं ही सुरक्षित जागा नाही. आणि निदेश कुणाचा? मे २०२३ मध्ये महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षावर सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा, म्हणजे त्या पक्षाच्या आमदारांच्या गटाचा, नव्हे. तेव्हापासून आपल्याकडे चहाच्या टपरीवरही हा फरक कळतो.

पुस्तिकेला याचा उपयोग इतकाच : पक्षादेश असलेल्या मतविभागणीत खासदाराचं मत हे बहुतांशी पक्षाचं मत असतं. त्यावरून स्वभावचित्र रंगवू नका.

टाचणवही

आता प्रश्न. 'तारांकित' म्हणजे महत्त्वाचा आणि 'अतारांकित' म्हणजे कमी महत्त्वाचा, असं लिहिलं तर?

प्रश्नोत्तरी

चूक. तारा म्हणजे छापील यादीतलं चांदणीचं चिन्ह. सदस्याला तोंडी उत्तर हवंय एवढाच त्याचा अर्थ. तोंडी उत्तर असल्यानं पूरक प्रश्न विचारता येतात, खरा फायदा तो. विधिमंडळात त्यालाच 'उपप्रश्न' म्हणतात. अतारांकिताला लेखी उत्तर मिळतं, ते पटलावर ठेवलं जातं, उपप्रश्न नाही. आकडेवारी हवी असेल तर अतारांकित उलट बरा, जिल्हावार तक्ते त्यातूनच निघतात.

लोकसभेत रोज २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न यादीत लागतात, राज्यसभेत १५ आणि १६०. एका सदस्याला एका दिवसासाठी दोन्ही मिळून पाचच सूचना देता येतात आणि यादीत त्याच्या नावावर तारांकित एकच लागतो. क्रम सोडतीनं ठरतो. किमान १५ पूर्ण दिवस आधी सूचना, शब्द १५० च्या आत. मंत्रालयांचे वार ठरलेले असतात, त्यामुळे वार चुकला की सूचना फुकट. आणि ११ ते १२ या तासात वीसपैकी जेमतेम पाच-सहा प्रश्नांपर्यंत गाडी पोचते. उरलेल्या तारांकितांनाही लेखीच उत्तर मिळतं. म्हणजे 'तारांकित प्रश्न विचारला' आणि 'सभागृहात उभं राहून प्रश्न विचारला' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. सोडतीत पंधरावा क्रमांक लागलेल्या खासदाराला त्या दिवशी बहुधा तोंड उघडायला मिळत नाही.

एकाच प्रश्नावर अनेक खासदारांची नावं जोडलेली असतात आणि तो प्रत्येकाच्या खात्यावर एकेक धरला जातो. हेही आकडा फुगवतं. सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात तर प्रश्नोत्तराचा तासच नव्हता, फक्त अतारांकित होते. त्या अधिवेशनात तारांकित शून्य दिसले म्हणून कुणाला आळशी ठरवू नका.

शनिवारपेठी

आणि प्रश्न नाकारतात कशावरून, तेही लिहा. इथला वाचक पहिलं विचारणार : आमच्या रस्त्यातल्या खड्ड्यांवर खासदारानं प्रश्न का नाही विचारला?

प्रश्नोत्तरी

कारण महापालिकेच्या रस्त्याला केंद्राचा मंत्री जबाबदार नाही. असा प्रश्न नियमातच बसत नाही. पण खडकी, पुणे किंवा देहूरोड कॅन्टोन्मेंटच्या हद्दीतला रस्ता असेल तर संरक्षण मंत्रालयाला विचारता येतो, कारण कॅन्टोन्मेंट केंद्राच्या अखत्यारीत. मंत्र्यांचं मत विचारणारा, न्यायप्रविष्ट किंवा आधीच उत्तर दिलेला प्रश्नही गळतो. 'मंत्र्यांना असं वाटत नाही का की…' अशी सुरुवात म्हणजे गळलाच.

मांडणीही बघा. संसदेत (क), (ख), (ग) असे भाग असतात. आपल्या विधिमंडळात 'हे खरे आहे काय. असल्यास…' अशी साखळी. पहिला भाग फार नेमका धरला की धोका असतो. 'अमुक तारखेला तमुक ठिकाणी एवढ्या गाड्या बंद पडल्या हे खरे आहे काय' याला आकडा एकानं चुकला तरी 'हे खरे नाही' असं उत्तर येतं, आणि खालच्या सगळ्या भागांना 'प्रश्न उद्भवत नाही'. हे तीन शब्द म्हणजे कचेरीचं आवडतं कुलूप. म्हणून जाणकार पहिला भाग 'किती', 'केव्हा', 'कोणत्या टप्प्यावर' असा ठेवतात, 'आहे काय' असा नाही.

कोशवेडी

'अ‍ॅश्युरन्स'ला 'आश्वासन' हाच रूढ शब्द आहे, पण निवडणुकीतल्या आश्वासनांनी त्याची पार रया घालवली आहे. पुस्तिकेत 'सभागृहात दिलेले आश्वासन' लिहा.

प्रश्नोत्तरी

हो, कारण इथे त्याला दात आहेत. मंत्री उत्तरात 'विचाराधीन आहे', 'माहिती गोळा केली जात आहे', 'मी लक्ष घालतो' असं म्हणाले की ते आश्वासन धरलं जातं. त्याची पूर्तता तीन महिन्यांत अपेक्षित असते, नाहीतर मुदतवाढ मागावी लागते. लोकसभेची १५ सदस्यांची आश्वासन समिती त्यावर लक्ष ठेवते, तिच्यात मंत्री नसतात. 'विचाराधीन' हा शब्द वाचून लोक उत्तर टाळलं म्हणतात. उलट 'प्रश्न उद्भवत नाही'पेक्षा खासदाराच्या हाती त्यातून जास्त लागतं. म्हणून प्रश्नांची संख्या देण्यापेक्षा किती उत्तरांतून आश्वासन निघालं आणि किती पुरी झाली, हा रकाना मी आधी घेईन.

टाचणवही

'शून्य प्रहर' (सभागृहात तातडीचे मुद्दे मांडायची वेळ) तसाच ठेवू ना? प्रहर तीन तासांचा असतो, म्हणून कुणीतरी हरकत घेतली आहे.

कोशवेडी

ठेवा. रुळलाय. 'शून्यकाल' हिंदी आहे. हरकत घेणाऱ्यांना सांगा, नियमावलीत हा शब्द कुठल्याच भाषेत नाही, ती प्रथा आहे. फक्त तिथे मांडलेला मुद्दा 'प्रश्न' म्हणून मोजू नका.

टाचणवही

शेवटचं. पुण्याच्या विद्यमान खासदारांसमोर प्रश्नांच्या रकान्यात शून्य येतंय.

मसुदा

येणारच. मुरलीधर मोहोळ जून २०२४ पासून केंद्रात राज्यमंत्री आहेत. मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. शून्य छापू नका, 'मंत्री असल्याने लागू नाही' लिहा. हजेरीच्या रकान्यातही तेच, मंत्री हजेरीपटावर सही करत नाहीत. मतविभागणीचा रकाना मात्र त्यांनाही लागू आहे, तो भरा. आणि 'राज्यमंत्री'च्या आधी 'केंद्रीय' घालाच, नाहीतर निम्मे वाचक त्यांना मुंबईच्या मंत्रालयात शोधतील.