नाशिक-नागपूर विमानाला इतका वेळ का
ओझर (नाशिकचा विमानतळ) ते नागपूर सरळ रेषेत साधारण ५५० किमी, त्याला ताशी ८०० किमीने भागून कुणीतरी चाळीस मिनिटं काढलीत आणि तिकिटावरचा दीड तास म्हणजे फसवणूक म्हटलंय, ते काही पटत नाही. अंतर बरोबर आहे हो, पण ८०० चा स्पीड जेटचा. अशा रूटवर बऱ्याचदा एटीआर असतं, खिडकीतून सहा पात्यांचा पंखा दिसतो ते, आणि ते फार तर ५०० ने जातं.

शिवाय तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होते ते तिकडे पार्किंगला उभं राहीपर्यंत, म्हणजे विमानाचं जमिनीवरून रनवेपर्यंत जाणं-येणं (टॅक्सी), हवेत वर चढणं, खाली उतरणं, रनवेसाठी थांबणं सगळं त्यातच आलं. हिवाळ्यात वरचा वारा पश्चिमेचा, त्यामुळे नागपूरहून येताना अजून थोडा वेळ जातो. पुढे कनेक्टिंग असेल तर प्लीज तिकिटावरचीच वेळ धरा.