शिरोड्याचं जाडं मीठ पुड्यातल्या मिठापेक्षा खरंच चांगलं असतं का?

कोथरूडची_सून

नमस्कार मंडळी, घरात सध्या मिठावरून महाभारत चालू आहे म्हणून विचारतेय. झालं असं की मामेसासरे मागच्या आठवड्यात कोकणातल्या शिरोड्याहून आले आणि येताना मिठागरातलं जाडं मीठ घेऊन आले, चांगलं पाच किलो, करड्या रंगाचं, जरा ओलसर. तेव्हापासून त्यांचं एकच, की पुड्यातलं पांढरंशुभ्र मीठ म्हणजे नुसतं केमिकल, त्यातले सगळे क्षार काढून घेतलेले असतात, समुद्राचं मीठ खा म्हणजे बीपी वाढत नाही. सासूबाईंना बीपीची गोळी चालू आहे (टेल्मिसार्टन) त्यामुळे त्यांना हे लगेच पटलं. त्यात नवरा बाणेरच्या कुठल्याशा ऑरगॅनिक दुकानातून गुलाबी मीठ घेऊन आला, भाव साध्या मिठाच्या पाच-सहापट. आता ओट्यावर तीन बरण्या आणि आमटीत कुठलं घालायचं यावर रोज चर्चासत्र.

नणंद सातव्या महिन्यात आहे, माहेरी आलीये, म्हणून मला उगाच प्रयोग नकोयत. कोणाला नीट माहिती असेल तर सांगा. व्हॉट्सॅपवरचं नको प्लीज, ते सगळं वाचून झालंय.

निवृत्त_केमिस्ट

ताई, आयुष्यभर लॅबमध्ये काढलंय म्हणून थोडं लांबलचक लिहितो.

मुळात जवळपास सगळंच मीठ समुद्राचं. तुमच्या यजमानांनी आणलेलं गुलाबी मीठ पाकिस्तानातल्या पंजाबात खेवड्याच्या खाणीतून येतं (आता तिकडून आयात बंद आहे, तेव्हा त्या पुड्यावर नक्की काय लिहिलंय ते बघा), तोही ५० कोटींहून जास्त वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राच्याच मिठाचा थर. गुलाबी रंग लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे सोप्या भाषेत गंजाचा. आपलं उपासाचं शेंदेलोण तेच. काळं मीठ, पादेलोण म्हणतात ते, त्यात गंधकाची संयुगं असतात म्हणून तो वास. पण या सगळ्यांत ९५ टक्क्यांच्या वर सोडियम क्लोराइडच असतं. बीपी वाढवतं ते सोडियम, आणि मिठाच्या वजनात ते जवळपास ३९ टक्के असतं, मग ते शिरोड्याचं असो नाहीतर कच्छच्या रणातलं.

राहिले क्षार. गुलाबी मिठात मॅग्नेशियम असतं हे खरं, पण किती? दिवसाचं ५ ग्रॅम मीठ खाल्लं तर त्यातून फार तर १०-१५ मिलिग्रॅम मिळेल, आणि माणसाला लागतं ३००च्या पुढे. त्यापेक्षा एक चमचा तीळ खा. मॅग्नेशियमसाठी मीठ खाणं म्हणजे पाण्यासाठी बर्फाचा गोळा खाण्यासारखं आहे, मिळतं पण सोबत काय येतं ते बघा.

तुमच्या घरात खरा प्रश्न आयोडीनचा आहे, बीपी त्याच्यानंतर. समुद्रात आयोडीन असतं म्हणून समुद्राच्या मिठात असणारच, असं सगळ्यांना वाटतं आणि ते चूक आहे, उन्हात वाळवलेल्या मिठात ते जवळपास राहतच नाही. १९५० च्या दशकात हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात गलगंडावर काम झालं, मिठात आयोडीन घातलं की गलगंड कमी होतो हे तिथे दिसलं, मग १९६२ ला देशभर कार्यक्रम सुरू झाला. आपल्याकडे २००६ पासून खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकायला बंदी आहे. पुड्यातल्या मिठात ते आयोडेटच्या रूपात घातलेलं असतं, तुमच्या हातात येईपर्यंत १५ पीपीएम (किलोला १५ मिलिग्रॅम) तरी असायला हवं असा नियम. गरोदर बाईला आयोडीन जास्त लागतं, रोज २५० मायक्रोग्रॅम, एरवी १५०, आणि बाळाच्या मेंदूची वाढ त्यावर अवलंबून असते. नणंदबाईंच्या ताटात तरी पुड्यातलंच मीठ जाऊ दे.

आणि बरणीचं झाकण घट्ट लावा हो, ओलाव्याने आणि उन्हाने आयोडीन उडतं. गॅसवर शिजवताना शेवटी घातलेलं बरं.

शिरोडकर_सध्या_पुण्यात

निवृत्त काका, हिशोब तुमचा बरोबर पण चवीचं काय? आमच्या मिठागराला नावं ठेवू नका राव. १९३० चा मिठाचा सत्याग्रह शिरोड्यालाच झाला होता, नुसता दांडीचाच नाही, हे पुण्यात फारसं कोणाला माहीत नसतं.

ताई, मिठागरात काय करतात ते सांगतो. भरतीचं पाणी आत घेतात, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत सोडत उन्हात आटवतात, मग मीठ बसतं. उरलेलं पाणी कडू लागतं, त्यात मॅग्नेशियमचे क्षार उरलेले असतात. नवीन मीठ ढीग लावून ठेवतात ते यासाठीच, हे कडू पाणी निथळून जावं म्हणून. म्हणजे ज्या क्षारांचं तुमचे मामेसासरे कौतुक करतायत ते आमचे लोक पिढ्यान्‌पिढ्या निथळवून टाकतायत 😄 तुमचं मीठ ओलसर आहे ना, ते त्यातलं राहिलेलं मॅग्नेशियम हवेतलं पाणी ओढतंय. पुण्याचा पाऊस लागला की बरणीत तळाला पाणीच पाणी होईल बघा.

पण कैरीचं लोणचं आणि मासे खारवायला तेच, त्याला तोड नाही. आणि दृष्ट काढायला पण, ते बारीक मीठ मुठीत धरवत नाही.

पेठेतला_रिकामटेकडा

मला एक कळत नाही, लोक मिठाचा ब्रँड बदलतात पण सकाळची खारी सोडत नाहीत. मी आधी खारी चहात बुडवून खायचो आणि मग आमटी आळणी खायचो आणि डॉक्टरला सांगायचो मी मीठ सोडलं म्हणून. पापड, लोणचं, फरसाण, शेव, ब्रेड, मिसळीवरची तर्री, हे सगळं मीठच आहे. पापडात वर पापडखार, तोही सोडियमचाच.

आता एक सोपा हिशोब करा. जागतिक आरोग्य संघटना म्हणते माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट छोटा चमचा, तोही पुरता नाही. चार माणसांना महिन्याला ६०० ग्रॅम झालं. तुमच्या घरात पुडा किती दिवसात संपतो? आमच्याकडे दोघात किलोचा पुडा महिना पुरायचा नाही तेव्हा मी गप्प बसलो. भारतात सरासरीच ८ ग्रॅमच्या पुढे आहे म्हणतात, तेव्हा आम्ही एकटे नाही. जाडं मीठ चमच्याने मोजाल तर वजनाला कमी भरतं कारण खड्यांमध्ये जागा राहते, त्यामुळे लोकांना वाटतं हे सौम्य आहे, पण चवीला घालताना आपण दीड चमचा घालतोच की.

माळरानावरून

सासूबाई टेल्मिसार्टनवर आहेत हे वाचून लिहितेय, बाकी सगळं लिहून झालंच आहे. कोणीतरी तुम्हाला लो सोडियम मीठ सुचवेल. ते चांगलं असतं, त्यात काही भाग सोडियम काढून पोटॅशियम क्लोराइड घालतात. चीनमध्ये ६०० खेड्यांत जवळपास २१ हजार लोकांवर ते वापरून बघितलं, २०२१ ला निकाल आला, पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. हे खरं आहे आणि भारी आहे.

पण माझे सासरे, डायबेटिस, किडनी आधीच थकलेली, बीपीची अशीच गोळी, त्यांनी कोणाला न विचारता ते मीठ आणलं आणि दोन महिने आम्ही सगळेच तेच खात होतो. एक दिवस पाय गळाले म्हणून नेलं तर पोटॅशियम इतकं वाढलेलं की दोन रात्री दवाखान्यात. तुमच्या सासूबाईंची आहे त्या प्रकारची गोळी पोटॅशियम शरीरात धरून ठेवते, त्यात मिठातून आणखी गेलं की झालं. आधी क्रिएटिनिन (त्यावरून किडनी कशी चालतेय ते कळतं) आणि पोटॅशियम तपासा, डॉक्टरला विचारा, मगच. आणि गरोदर बाईसाठी तर ते मीठ नकोच, २०२५ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यातून गरोदर बायका, मुलं आणि किडनीचे पेशंट वगळलेत.

नवीन_सभासद_४

पण पुड्यातल्या मिठात ५३६ नावाचं सायनाइड असतं म्हणतात त्याचं काय?? आणि समुद्राच्या मिठात प्लास्टिक?

निवृत्त_केमिस्ट

५३६ म्हणजे पोटॅशियम फेरोसायनाइड, मीठ दगड होऊ नये म्हणून घालतात, किलोला फार तर १० मिलिग्रॅम. त्यातलं सायनाइड लोहाला इतकं घट्ट चिकटलेलं असतं की पोटात सुटत नाही. नावात सायनाइड आहे म्हणून घाबरायचं तर नावात क्लोरीन आहे म्हणून मीठच सोडावं लागेल.

प्लास्टिकचं मात्र खरं आहे. २०१८ मध्ये आयआयटी मुंबईच्या संशोधकांना भारतीय समुद्रमिठात प्लास्टिकचे बारीक कण मिळाले होते. त्यांनीच सांगितलं की समुद्राचं पाणी आधी वाळूतून गाळून घेतलं तर बरेच कमी होतात. ‘नैसर्गिक’ लिहिलं की स्वच्छ असतंच, हे काही नाही.

कोथरूडची_सून

सगळ्यांना खूप खूप थँक्यू. काल रात्री हिशोब केला, रिकामटेकडे म्हणाले तसा. आम्ही पाच जण, महिन्याला दीड किलो, म्हणजे माणशी १० ग्रॅम झालं, आणि पापड-लोणचं वेगळं. सासूबाई बराच वेळ काही बोलल्याच नाहीत, मग म्हणाल्या थोडं भाज्या धुण्यात जातं. जातं थोडं, पण अर्धा किलो नाही जात.

तर असं ठरलंय, रोजच्या स्वयंपाकाला पुड्यातलंच, पण शेवटी आणि मोजून. ताटात वेगळं मीठ वाढायचं बंद, सासरे चिडलेत पण चिडू देत. गुलाबी मीठ नवऱ्याच्या चतुर्थीला, महिन्यातून एकदा. सासूबाईंच्या रक्ताच्या तपासणीचं सोमवारी बघतो. शिरोड्याचं मीठ लोणच्याला, कैऱ्या उद्या मंडईतून आणणार आहे.

मामेसासऱ्यांना अजून काही सांगितलं नाहीये. ते परवा गावी परतणार आहेत, तोवर ती बरणी ओट्यावर पुढेच राहू दे.

पेठेतला_रिकामटेकडा

पाच किलो मिठाचं लोणचं म्हणजे कैऱ्या किती लागतील याचा पण हिशोब करा.