वर्गसमीकरणं: अवयव, पूर्ण वर्ग की थेट सूत्र?

नमस्कार मंडळी,

मुलगी सध्या वर्गसमीकरणांत अडकली आहे. अवयव पडले तर खूश, नाही पडले की वही बंद. काल ६क्ष² − ७क्ष − २० = ० या गणितापाशी किती वेळ बसली होती! गुणाकार −१२० आणि बेरीज −७ अशी जोडी काही सापडेना. शेवटी मी अक्ष² + बक्ष + क = ० च्या सूत्रात, म्हणजे क्ष = (−ब ± √(ब² − ४अक)) / २अ मध्ये, किमती घालून दाखवल्या, तर म्हणते, "मग अवयव शिकवतात तरी कशाला?" लिस्टवर गणित शिकवणारे बरेच जण आहात. कुठली पद्धत आधी पक्की करून घ्यावी?

---

उत्तर:

ताई, जोडी शोधायला बसण्याआधी तिला विवेचक काढायला लावा. ब² − ४अक म्हणजे इथे ४९ + ४८० = ५२९, २३ चा वर्ग. सहगुणक पूर्णांक असतील आणि विवेचक पूर्ण वर्ग असेल, तर अवयव पडणारच. नसेल, तर पूर्णांकांत जोडी नाहीच. तिथे डोकं शिणवू नये.

आता गंमत अशी की ते २३ जोडीसुद्धा हातात देतं. जोडीतल्या दोन संख्यांची बेरीज −७ आणि फरक २३. म्हणजे एक ८, दुसरी −१५. अंदाज बांधायची गरजच नाही:

६क्ष² − १५क्ष + ८क्ष − २० = ३क्ष(२क्ष − ५) + ४(२क्ष − ५)

उत्तरं ५/२ आणि −४/३. यावर ती म्हणेल, एवढं केलं तर सूत्रच का नको? म्हणू द्या. दोन्ही एकच आहेत हे तिला आपणहून दिसलं तर उत्तमच.

---

उत्तर:

माझं मत थोडं वेगळं. सूत्र पाठ करून घेण्याआधी श्रीधराचार्यांची रीत शिकवा. त्यांचा बीजगणितावरचा ग्रंथ आज मिळत नाही. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ही रीत त्यांच्या नावानिशी उद्धृत केली, म्हणून ती आपल्यापर्यंत पोचली.

पूर्ण वर्ग पद्धतीत मुलं कंटाळतात ती अपूर्णांकांना. याच गणिताला ६ ने भागलं की ७/६, त्याचं निम्मं ७/१२, त्याचा वर्ग ४९/१४४... इथेच पेन खाली पडतं. श्रीधराचार्य भागत नाहीत, गुणतात. दोन्ही बाजूंना ४अ ने, म्हणजे इथे २४ ने गुणायचं आणि ब² मिळवायचा:

६क्ष² − ७क्ष = २०
१४४क्ष² − १६८क्ष = ४८०
१४४क्ष² − १६८क्ष + ४९ = ५२९
(१२क्ष − ७)² = २३²

पुढे १२क्ष − ७ = २३ किंवा −२३. एकही अपूर्णांक नाही, आला तो थेट उत्तरात. आकड्यांच्या जागी अ, ब, क ठेवून हेच करा की सूत्र समोर उभं. मग ते ४अक आणि २अ कुठून आले, हे वेगळं सांगावं लागत नाही.

---

उत्तर:

काकांची रीत सुंदर आहे, पण अवयवांना एवढं हिणवू नका. दोन संख्यांचा गुणाकार शून्य असेल तर त्यांतली निदान एक शून्य असते, या एका गोष्टीवर अवयव पद्धत उभी आहे आणि मुलं घसरतात तीही इथेच. (क्ष − ५)(क्ष − ३) = ८ असं दिलं की लगेच लिहितात: क्ष − ५ = ८ किंवा क्ष − ३ = ८. उजवीकडे शून्य नाही, तर हे चालणार कसं? कंस सोडवून क्ष² − ८क्ष + ७ = ० करायचं, उत्तरं १ आणि ७.

दुसरी खोड म्हणजे क्ष² = ५क्ष दिसलं की दोन्हीकडून क्ष उडवणं. राहिलं ५, आणि शून्य हे मूळ गेलं. सूत्रात किमती टाकणाऱ्याला या दोन्ही गोष्टी कधी भेटतच नाहीत, आणि पुढे घन समीकरण आलं की तो हात टेकतो.

---

उत्तर:

सगळ्यांचे मनापासून आभार! बेरीज-फरकाची युक्ती तिला भलतीच आवडली. क्ष² − २६क्ष + १५३ = ० तिने अशी मांडली: मुळांची बेरीज २६, म्हणजे दोन्ही १३ पासून सारख्या अंतरावर. १६९ − १५३ = १६, अंतर ४. उत्तरं ९ आणि १७, आणि हे जवळजवळ तोंडी. आता विचारते आहे, कॅल्क्युलेटर असताना सूत्र कधी चुकतं का?

---

उत्तर:

चुकतं! क्ष² − १००००क्ष + १ = ० घ्या. विवेचक ९९९९९९९६. आठ आकडे दाखवून पुढचे कापून टाकणारा साधा कॅल्क्युलेटर त्याचं वर्गमूळ ९९९९.९९९७ देतो. १०००० मधून ते वजा केलं की ०.०००३, निम्मं ०.०००१५. खरं लहान मूळ ०.०००१ च्या आसपास आहे, म्हणजे उत्तर दीडपट! जवळजवळ सारख्या दोन संख्या वजा केल्या की असं होतं. अशा वेळी सूत्राने फक्त मोठं मूळ काढायचं. मुळांचा गुणाकार क/अ, इथे १. म्हणून लहान मूळ म्हणजे १ भागिले मोठं मूळ. तिला हे कॅल्क्युलेटरवर करून बघायला सांगा, आणि तुमचा कॅल्क्युलेटर कापतो की पूर्णांकन करतो तेही कळवा.