'खिंड' की 'बेचका'? नकाशातल्या डोंगरासाठी शब्द हवेत

प्रश्न:
१९३७ मध्ये शिप्टन, टिलमन, स्पेंडर आणि ऑडेन या ब्रिटिश शोधप्रवाशांनी काराकोरमच्या मुख्य रांगेपलीकडे जाऊन शक्सगाम खोऱ्याचा नकाशा केला. त्यावर मराठीत लिहितेय. ना रस्ता ना वस्ती. तिपाईवर पाटी मांडायची, शिखरं न्याहाळायची आणि कागदावर रेघा ओढायच्या. एवढं जमलं. पण दोन शिखरांमधल्या सखल जागेला, 'कोल'ला, काय म्हणू? 'खिंड' लिहिलं की खटकतं. आणि 'कंटूर'ला 'समोच्च रेषा' चालेल ना?

प्रतिसाद १:
ताई, खटकतंय ते बरोबरच आहे. खिंड म्हटलं की वाट आली. माणसं, जनावरं, ओझी तिथून इकडची तिकडे जातात. जिथे कोणी पाऊल ठेवलं नाही, तो नुसता बेचका. शक्सगामच्या उत्तरेकडच्या अघिलला मात्र खुशाल खिंड म्हणा. यंगहजबंड हा ब्रिटिश अधिकारी १८८७ मध्येच ती ओलांडून गेला होता. जाता जाता एक विनंती: 'खारदुंग ला खिंड' लिहू नका. 'ला' म्हणजेच खिंड. हे वर्तमानपत्रांत रोज वाचतो आणि रोज जीव हळहळतो.

प्रतिसाद २:
समोच्च रेषा चालेल, शाळेच्या भूगोलापासून ओळखीची आहे. सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० चा नकाशा घेऊन आम्ही सह्याद्रीत हिंडतो. त्यात एका रेषेपासून पुढच्या रेषेपर्यंत २० मीटर चढ असतो. रेषा उताराकडे फुगली की सोंड, चढाकडे आत शिरली की घळ. बोराट्याच्या नाळेशी, म्हणजे सह्याद्रीतल्या त्या घाटवाटेशी, रेषा एकमेकींना खेटून येतात, आणि तिथे पोचल्यावर कळतं का ते: पायाखाली घरंगळणारे धोंडे, दोन्ही बाजूंना कातळ. पण दहा-बारा मीटरचा कातळटप्पा दोन रेषांच्या मध्ये सहज लपतो. म्हणून नकाशा हातात असला तरी गावातल्या माणसाला वाट विचारायचीच. शक्सगाममध्ये विचारायला गावच नव्हतं, हे तुमच्या लेखात जरूर येऊ द्या.

प्रश्नकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. 'बेचक्यात चढून त्यांनी पलीकडची हिमनदी पाहिली' असं वाक्य केलं, आता खटकत नाही. शेवटचं एक: 'रिज'ला सोंड म्हणू की धार?

प्रतिसाद २:
धार. ती माथ्यामाथ्याने जाते, पाणी तिच्या दोन्ही अंगांना वाहतं. सोंड त्या धारेपासून फुटून खाली खोऱ्यात उतरते.