अनुभव धागा : मोठ्या कुटुंबासाठी समुद्रकाठचं एकांतातलं घर कसं निवडलंत?

यंदाच्या सुट्टीत आमच्या घरचे सगळे एकत्र जाणार आहोत. सासूबाई-सासरे, दीर-जावा, नणंदेचं कुटुंब आणि पोरंटोरं. त्यात एक अजून रांगणारं आहे आणि एकाची नुकतीच बारावी झाली आहे. हॉटेल नको, यावर सगळ्यांचं एकमत झालंय. उष्ण प्रदेशातला निळा समुद्र हवा, दारात माडांची सावली हवी, आसपास वस्ती नको आणि अख्खं घर आपलंच हवं.

फोटो सगळ्याच घरांचे देखणे असतात. फोटोत जे दिसत नाही ते इथे वाचायला मिळावं म्हणून हा धागा काढतेय. जाऊन आलेल्यांनी लिहा, घर बघून नको म्हटलेल्यांनीही लिहा. माझं मत एवढंच की घर निवडताना घरातल्या सगळ्यात लहान आणि सगळ्यात थकलेल्या माणसाकडे बघावं. मधल्या वयाचे कुठेही रमतात.

* * *

दिवसभर पाणी कुठे असतं, ते आधी बघा.

आम्ही टांझानियातल्या झांझिबार बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर राहिलो होतो. तिथे ओहोटीला समुद्र इतका मागे जातो की काही ठिकाणी पाण्यापर्यंत पोचायला किलोमीटरभर चालावं लागतं. उघड्या पडलेल्या वाळूत काठ्या रोवून, त्यांना दोऱ्या बांधून बायका समुद्री शेवाळाची शेती करतात. आमच्या मुली सकाळभर त्या काठ्यांच्या ओळींच्या कडेने उथळ डबक्यांत खेकडे बघत फिरायच्या. लहान मुलं बरोबर असतील तर असा किनारा सोन्यासारखा. पण ज्यांना दारातून उठून थेट पोहायला उतरायचंय, त्यांचा तिथे हिरमोड होणार.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक वर्षभर आधी मिळतं. बहुतेक किनाऱ्यांवर भरतीनंतर सवासहा तासांनी ओहोटी येते, आणि रोज ही वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, तेव्हा पाणी सगळ्यात वर चढतं आणि सगळ्यात मागेही जातं. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, तेव्हा हा फरक सगळ्यात कमी. आम्ही कॅलेंडर समोर ठेवून मुद्दाम अष्टमीच्या आसपासचे दिवस धरले होते. आणि हो, ओहोटीत पायात रबरी बूट हवेतच. समुद्री साळू म्हणजे तळाशी बसणारा काटेरी गोळ्यासारखा प्राणी, त्याचे काटे टाचेत मोडले की काढता काढता नाकी नऊ येतात.

* * *

हंगामाबद्दल थोडक्यात. "या देशात अमुक महिना चांगला" हे अर्धंच खरं असतं, किनाऱ्याची बाजू विचारायला हवी. श्रीलंकेत नैऋत्य किनारा डिसेंबर ते मार्च छान असतो, पूर्व किनारा मे ते सप्टेंबर. थायलंडमध्ये फुकेतला मे ते ऑक्टोबर पावसाचे, तर पलीकडच्या आखातातल्या सामुई बेटावर ऑक्टोबर ते डिसेंबर. कॅरिबियनकडे जाणार असाल तर अटलांटिकचा चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर धरतात. शिवाय २०११ पासून तिथल्या पूर्वेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यांवर सार्गासम नावाचं तपकिरी शेवाळ ढिगांनी येतं. कुजताना त्यातून हायड्रोजन सल्फाइड हा श्वासाला त्रास देणारा वायू सुटतो. दम्याच्या माणसाला त्या घरात नेऊ नका. त्याच बेटाच्या पश्चिमेकडचं घर मिळतंय का बघा.

* * *

मी अशी घरं सांभाळण्याचंच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आडबाजूच्या घरात सगळं पाण्यापाशी येऊन थांबतं. तिथे नळयोजना नसते. विहीर, बोअर, पावसाची टाकी किंवा टँकर. माणशी रोज शंभर ते दीडशे लिटर धरलं तर सोळा माणसांना दीड ते अडीच हजार लिटर लागतात. समुद्रावरून आलं की प्रत्येक जण पुन्हा अंघोळ करतो, ते वेगळं. त्यामुळे मालकाला "पाणी आहे ना?" असं विचारू नका, "आहे" असंच उत्तर येणार. टाकी किती लिटरची, ती कशाने भरते, भरायला किती वेळ लागतो आणि वीज गेली तर पंप कशावर चालतो, हे विचारा. किनाऱ्यालगतच्या बोअरमध्ये उन्हाळ्याच्या शेवटी खारं पाणी शिरतं. साबणाला फेस येईनासा होतो, केस धुतले तरी चिकटच राहतात. प्यायचं पाणी वेगळं येणार का, हेही आधीच ठरवून घ्या.

पहिल्या सकाळी सातच्या पुढे सगळी न्हाणीघरं एकदम सुरू होतात, तेव्हा घराचा खरा कस लागतो. वरच्या मजल्यावरचा नळ आधी फुर्र फुर्र हवा सोडतो, मग करंगळीएवढी धार येते, आणि खालून कुणीतरी ओरडतं की गरम पाणी गेलं. खोल्या कितीही असोत, न्हाणीघरं किती आणि एका वेळी किती चालतात ते महत्त्वाचं.

विजेचंही तसंच. दीड टनाचा एक एसी साधारण दीड किलोवॉट ओढतो. सहा खोल्यांचे सहा एसी म्हणजे नऊ किलोवॉट, वर पंप, गीझर, फ्रीज. इन्व्हर्टरवर फार तर दिवे-पंखे चालतील. जनरेटर असला तर त्यावर नेमकं काय काय चालतं आणि तो रात्रभर सुरू ठेवतात का, हे लेखी घ्या. मला विचाराल तर आरपार वारा खेळणारं, उंच छपराचं, खोल पडव्यांचं घर मी एसीच्या संख्येपेक्षा वरचं मानते. वीज गेली तरी तिथे म्हातारी माणसं झोपू शकतात.

आणि शौचालयाची टाकी. दहा माणसांसाठी बांधलेल्या टाकीवर वीस माणसं आली की दोन-तीन दिवसांत वास सांगतो. जाहिरातीत "वीस जण झोपू शकतात" असं असलं तरी त्यातल्या किती गाद्या दिवाणखान्यातल्या आहेत, ते नक्की मोजा.

* * *

माझा व्यवसाय वैद्यकीय, म्हणून मी दुसऱ्या टोकाकडून बघते. सर्वांत जवळचं रुग्णालय किती किलोमीटरवर, हा प्रश्न अपुरा आहे. रात्री दोन वाजता तिथे पोचायला किती वेळ लागेल, गाडी कुणाची, ड्रायव्हर कुठे झोपतो, मध्ये होडी लागते का आणि रात्री ती चालते का? बेटावरचं घर असेल आणि घरात हृदयविकाराचं किंवा डायलिसिसचं माणूस असेल तर मी सरळ नाही म्हणते, फोटो कितीही सुंदर असोत.

तळमजल्यावर न्हाणीघराला जोडलेली एक तरी खोली हवी. डोंगरउतारावरच्या घरांतून समुद्र फार छान दिसतो, पण किनाऱ्यापर्यंत शे-दीडशे पायऱ्या असतात आणि त्यांना कठडा नसतो. आजी पहिल्या दिवशी हौसेने उतरतात, दुसऱ्या दिवसापासून व्हरांड्यात बसून राहतात. त्यांना वरूनच समुद्र बघायला लावायचा असेल तर एवढ्या दूर कशाला न्यायचं?

पोहण्याचा तलाव असलेलं घर असेल तर त्याला कुंपण आणि आपोआप मिटणारं फाटक आहे का, बघा. ऑस्ट्रेलियात घरगुती तलावाला किमान १.२ मीटर उंचीचं असं कुंपण लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ मध्ये जगात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली, त्यात जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांच्या आतल्या मुलांचा. मूल बुडताना ओरडत नाही. घरात पंधरा मोठी माणसं असली की प्रत्येकाला वाटतं, दुसरं कुणीतरी बघतंय. आम्ही तासातासाची पाळी लावतो. ज्याची पाळी त्याच्या हातात फोन नाही. गच्चीच्या कठड्याच्या गजांत दहा सेंटिमीटरपेक्षा जास्त फट असेल तर लहान मूल त्यातून निसटू शकतं. तिथे तात्पुरती जाळी बांधून घ्या.

* * *

वरच्या प्रतिसादाला जोडून. एकांतातल्या किनाऱ्यावर जीवरक्षक नसतो, त्यामुळे रिप करंट, म्हणजे समुद्राकडे ओढून नेणारा प्रवाह, ओळखायला घरातल्या प्रत्येक पोहणाऱ्याला यायलाच हवं. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी एखाद्या खोलगट पट्ट्यातून परत समुद्रात धावतं. प्रवाळाची भिंत असेल तिथे ते भिंतीतल्या खिंडीतून बाहेर पडतं. फसवं असं की दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात आणि मधला तो पट्टा गडद, शांत दिसतो. नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. जोरदार प्रवाहाचा वेग सेकंदाला दोन मीटरच्याही वर जातो. पट्टीच्या पोहणाऱ्यालासुद्धा त्याच्याविरुद्ध जाता येत नाही. अडकलात तर तरंगत राहा, हात वर करा, किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याच्या बाहेर या आणि मग लाटांबरोबर आत या. वाचवायला दुसऱ्याने रिकाम्या हाताने उडी मारायची नाही. तरंगणारं काहीही फेका. मी घर ठरवण्याआधी उपग्रहचित्र काढून प्रवाळाची भिंत कुठे आहे, खिंड घरासमोरच येते का, हे बघतो. खिंडीसमोरची घरं मी सोडून दिली आहेत.

* * *

माझा मुद्दा घराच्या आतला आहे. बाहेरच्या एकांताइतकाच आत थोडा एकांत लागतो. एकच प्रचंड दिवाणखाना आणि भोवती खोल्या, असं घर आम्ही एकदा घेतलं होतं. दुपारी बाळ झोपायचं म्हणून सगळ्यांनी कुजबुजायचं, रात्री मुलं पत्ते खेळायची म्हणून आजोबांची झोप उडायची. त्यानंतर एकाच आवारात दोन-तीन छोटी घरं आणि मध्ये जेवायची पडवी, अशी जागा मिळाली आणि सगळ्यांच्या चेहऱ्यांवर फरक दिसला. समुद्र दिसणारी खोली कुणाची, हे निघण्याआधीच ठरवा. आमच्याकडे ती आईबाबांची, त्यावर चर्चा नाही.

दुसरं, अगदी मनापासून सांगते. ज्या घरात स्वयंपाकाला आणि भांड्यांना माणूस मिळत नाही, तिथे घरातल्या बायकांची सुट्टी होत नाही. दुकान तासाभरावर असेल तर सामान कोण आणणार, हेही आलंच. घर थोडं कमी निर्जन असलं तरी चालेल, पण मदतीला माणूस हवा.

* * *

संध्याकाळचं कुणी लिहिलं नाही. विषुववृत्ताजवळ वर्षभर दिवस बारा तासांचाच असतो आणि सूर्य बुडाला की वीस-पंचवीस मिनिटांत गुडुप अंधार होतो. लांब किनाऱ्यावर फिरायला गेलेली मुलं त्या आतच परत हवीत. खारफुटीच्या लगतच्या घरात पहाटे आणि तिन्हीसांजेला वाळूमाश्या चावतात, साधी जाळी त्यांना अडवत नाही. डेंग्यूचा डास मात्र दिवसा चावतो आणि साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. त्यामुळे झाकण नसलेली पिंपं, फुटक्या कुंड्या, नारळाच्या करवंट्या आवारात असतील तर पोचल्या पोचल्या उपड्या करायला सांगा. माडांवरचे नारळ उतरवलेत का, तेही विचारा. आडवं पडायचा झोपाळा नेहमी माडालाच बांधलेला असतो.

किनाऱ्यावर कासवं अंडी घालत असतील तर समुद्राकडचे दिवे रात्री बंद ठेवावे लागतात, नाहीतर पिल्लं उजेडाकडे वळून भरकटतात. आमच्या घरमालकांनी तशी अट घातली होती. इतकी चांगली अट मी दुसऱ्या कुठल्या घराची वाचली नाही.

* * *

"खासगी किनारा" असं लिहिलेलं दिसलं तर चौकशी करा. मेक्सिको किंवा हवाईमध्ये किनारा सार्वजनिकच असतो, कुणीही येऊ शकतं. मिळतो तो एकांत फक्त वाट अवघड असल्यामुळे. मग तीच वाट तुमच्या आजीलाही चालायची आहे, हे लक्षात ठेवा.

* * *

आणखी एक, कुणाला घाबरवायला नाही. २६ डिसेंबर २००४ ला फुकेतच्या माय खाओ किनाऱ्यावर टिली स्मिथ या दहा वर्षांच्या इंग्लिश मुलीने पाण्याला आलेला विचित्र फेस ओळखला. त्सुनामीबद्दल ती दोनच आठवड्यांपूर्वी भूगोलाच्या तासाला शिकली होती. तिने आईवडिलांना सांगितलं आणि किनारा रिकामा झाला. आम्ही कुठल्याही किनारी घरात पोचल्यावर सामान उघडण्याआधी मुलांना घेऊन उंच जागेकडे जाणारी वाट चालून येतो. जोराचा, लांबलेला भूकंप जाणवला किंवा समुद्र अचानक आटला, तर भोंग्याची वाट न बघता वर जायचं, हे त्यांना पाठ आहे. सपाट बेटावर उंच जागाच नसते, मग मजबूत बांधकामाचा वरचा मजला कुठे आहे ते बघून ठेवायचं.

* * *

धागा काढणारी पुन्हा. सगळ्यांचे मनापासून आभार. माझ्या यादीत तीन घरं होती. पायऱ्यांचं घर काल रात्रीच बाद केलं, मुलं रुसली आहेत पण मी ठाम आहे. उरलेल्या दोन्ही मालकांना टाकी, पंप, जनरेटर, रात्रीची गाडी आणि तलावाचं कुंपण, सगळे प्रश्न पाठवले. एकाकडून "काळजी करू नका, सगळं आहे" एवढंच आलं. दुसऱ्या बाईंनी टाकीचे लिटर, जनरेटरवर चालणाऱ्या वस्तूंची यादी आणि ओहोटीच्या वेळी काढलेला किनाऱ्याचा फोटो पाठवला. तलावाला कुंपण नाही, पण पोचायच्या आधी तात्पुरतं लावून देते म्हणाल्या. त्यांच्याकडेच जाऊ असं वाटतंय. तात्पुरत्या कुंपणाचं फाटक नीट मिटतं का, याचा कुणाला अनुभव असेल तर लिहा. आगाऊ रक्कम भरण्याआधी तेवढं विचारायचं राहिलंय.